हलकं ते भारी

‘हलकं’ या शब्दाला मराठीत कधी चांगले दिवस आले नाहीत. माणूस हलक्या कानाचा असतो, माल हलक्या प्रतीचा असतो, आणि लग्नात विहीणबाईंना हलकं पातळ गेलं तर त्याचा उद्धार नातवंडांच्या मुंजीपर्यंत चालतो. उलट ‘भारी’ म्हटलं की आम्ही खूश. पैठणी भारी, सिनेमा भारी, मिसळ भारी. एकटे आमचे डॉक्टर तेवढे ‘हलकं खा’ म्हणतात. पण त्यांची फी भारी असल्यामुळे तेही हिशेबात बसून जातं. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला एके दिवशी सकाळी, बँकेत पासबुकं छापायच्या यंत्राशी झटापट चालू असताना, परदेशातल्या पुतण्याचा निरोप यावा की, ‘काका, चाकं सापडली. जाम भारी आहेत. एकदम हलकी!’ तर त्यानं काय समजावं?

मी निरोप तीनदा वाचला आणि काउंटरपलीकडच्या आजोबांना त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाईंचं पासबुक दिलं. आजोबांनी शिल्लक पाहिली आणि ते काही न बोलता, पण बरेच तरतरीत होऊन, दाराकडे निघाले. त्यांना परत आणेपर्यंत चाकं डोक्यातून गेली.

मंदार हा माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, एकुलता एक मुलगा. चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीत स्टुटगार्टला गेला. स्टुटगार्टला राहून गाडीच्या नादी लागू नको म्हणणं म्हणजे पंढरपुरात राहून बुक्का लावू नको म्हणण्यापैकी आहे. पोर्शचा कारखाना तिथलाच. मंदारनं पोर्शची बॉक्स्टर घेतली. सेकंडहँड, २००३ सालची. इंजिन मधोमध, डिक्या दोन, एक पुढे आणि एक मागे, आणि बसायला जागा मोजून दोन. फोटो पाहून वहिनी म्हणाल्या, “दोन डिक्या आणि दोन सीटं! याला संसार करायचाय की वाणसामान आणायचंय?”

गाडी वहिनींनी पचवली. चाकं पचेनात. गाडीला चार चाकं आधीपासून होतीच. चांगली गोल होती, फिरत होती. ती उतरवून मंदार दुसऱ्याच कंपनीची, घडीव अॅल्युमिनियमची चाकं बसवणार होता. खर्च तीन हजार युरो, म्हणजे आपले तीन लाखांच्या आसपास. रात्री वहिनींचा फोन आला.

“भाऊजी, तुम्ही बँकेत आहात.”

वहिनींनी अशी सुरुवात केली की पुढे काहीतरी संकट असतं. “तुम्ही समजवा त्याला. हिशेब दाखवा. माझं ऐकत नाही.”

हिशेब दाखवायला मी बी.कॉम. आहे. मंदारनं स्वतःच आकडे कळवले होते. जुनं चाक, टायर काढून, १०.३ किलो. नवं ७.८ किलो. चाकामागे अडीच किलो, चार चाकांचे दहा किलो. तीन लाख भागिले दहा, म्हणजे किलोला तीस हजार रुपये. या भावात बदाम नाही, पण बदाम निदान घरी येतात. इथे वजन घरातून घालवायचे पैसे. मी त्याला लिहिलं, ‘दहा किलो तू स्वतःच कमी कर, फुकटात होईल. नाहीतर मी तिकडे आलो की मला गाडीत घेऊ नकोस, एकरकमी ब्याऐंशी किलोंची बचत.’ माझ्या मते हा मुद्दा बिनतोड होता.

उत्तर आलं, ‘काका, सीटवरचा किलो आणि चाकातला किलो सारखा नसतो.’

किलो सारखा नसतो? वजनमापे खात्याला कळवायलाच हवं होतं. पण मंदारनं पुढे एकच वाक्य लिहिलं होतं आणि त्यानं माझी विकेट गेली: ‘भातखाचरातून चालताना चपलेला चिकटलेला चिखल आठवा.’

कोकणातल्या आमच्या गावी पावसात खाचरातून चाललेल्या कुणालाही हे समजेल. तोच अर्धा किलो चिखल खांद्यावरच्या पिशवीत घातला तर माणूस गाणं म्हणत जाईल. चपलेला चिकटला की वीस पावलांत देव आठवतात, कारण तो प्रत्येक पावलाला उचलायचा, पुढे न्यायचा आणि परत ठेवायचा असतो. गाडीचं तसंच. गाडीचं अंग स्प्रिंगांवर झोके घेत बसलेलं असतं, जसे आमच्याकडे साहेब. चाक मात्र स्प्रिंगच्या खाली, प्रत्येक खड्ड्याला स्वतः सामोरं जाणारं, जसे काउंटरवर आम्ही. चाक जड असलं की उंचवट्यावरून उडालेलं लवकर खाली येत नाही, आणि जितका वेळ ते हवेत तितका वेळ ना स्टिअरिंगचा उपयोग, ना ब्रेकचा. शिवाय चाक नुसतं पुढे जात नाही, ते फिरतंही. त्यामुळे कडेवरचा एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोंचं ओझं टाकतो. आम्हा बँकवाल्यांना हे कळायला वेळ लागायचा नाही. सीटवरचा किलो सरळव्याजानं पडतो, चाकातला चक्रवाढीनं. ‘चक्रवाढ’ हा शब्द मी पंचवीस वर्षं ठेवीच्या पावत्यांवर लिहितोय. त्यात चक्र आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

म्हणजे पोरगं अगदीच वेडं नव्हतं. पण वहिनींना शब्द दिलेला. मग मी ठरवलं की प्रकरणाची जुनी खाती उघडायची. चाक हलकं करायचं हे खूळ कधी सुरू झालं, कुणी किती घातले आणि कुणाचं काय बुडालं, याचं ऑडिट करून मंदारपुढे टाकायचं. पुढचे दोन रविवार त्यात गेले. सौभाग्यवतीनं ‘आता तुम्हालाही घ्यायचीत का?’ एवढंच विचारलं.

मूळ चाक आपल्या ओळखीचंच. लाकडी आरे, मधला तुंबा आणि वर तापवून चढवलेली लोखंडी धाव. ते वजनदारच असायचं आणि कुणाची तक्रारही नव्हती, फक्त चिखलात रुतलं की काय होतं ते कर्णाला विचारावं. ही कल्पना पहिल्यांदा उलटी केली इंग्लंडच्या सर जॉर्ज केली यांनी, १८०८ साली. त्यांना माणूस उडवायचा होता आणि उडणाऱ्या यंत्राला हलकी चाकं हवी होती. जाड आऱ्यांवर वजन पेलण्याऐवजी बारीक तारांनी ते ताणून धरावं, असं त्यांना सुचलं. विमान उडायला पुढे शंभर वर्षं लागणार होती, पण तारांचं चाक आधी सायकलला आणि मग मोटारीला लागलं. शर्यतीच्या मोटारींसाठी रज-व्हिटवर्थ या इंग्रज कंपनीनं असलं चाक काढलं, जे मधली एकच नटाची टोपी फिरवून अख्खं निघायचं. १९०८ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत या चाकांना बंदी झाली आणि नेपियर गाड्यांनी रागावून नाव मागे घेतलं. चाकावरून रुसवेफुगवे एवढे जुने आहेत.

तारांच्या चाकाचं मला कौतुक सांगायला नको. दादा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होता, आणि रविवारी सकाळी वाड्याच्या चौकात सायकली उलट्या करून सगळ्या बिऱ्हाडांच्या चाकांचा आऊट काढायचा. पैसे घेत नसे, चहा घेई. चाक फिरवायचं, कडेला खडू धरायचा, जिथे खडूचा डाग पडेल तिथे चाक बाहेर. मग चिमुकल्या चावीनं एक तार अर्धा आटा कसायची, समोरची पाव आटा सैल करायची. शेवटी नखानं एकेक तार वाजवून तो ऐके. एखादी बसक्या आवाजात बोलली की म्हणे, “ही कामचुकार आहे.” मी सातआठ वर्षांचा, खडू धरायच्या कामावर. तारांचं चाक हलकं खरं, पण ते सांभाळायला असा एक दादा लागतो. खड्डा लागला की आऊट, ब्रेक जोरात लागला की आऊट.

हे दुखणं मुळातून काढलं एतोर बुगाती या गृहस्थानं. जन्म मिलानचा, कारखाना फ्रान्समध्ये आल्सासातल्या मोल्सहाइमला. वडील कलावंत-सुतार, नामांकित फर्निचर करणारे. भाऊ प्राण्यांचे पुतळे घडवणारा शिल्पकार. अशा घरातला मुलगा मोटारीकडे वळला की घरचे काय म्हणत असतील याची मला कल्पना आहे, पण त्यानं मोटारीच अशा केल्या की घरची परंपरा राहिली. १९२४ च्या ऑगस्टमध्ये लियोंच्या ग्रां प्रीला त्यानं आपली नवी ‘टाइप ३५’ आणली. पाच गाड्या, निळ्या, पुढे घोड्याच्या नालासारखा रेडिएटर. आणि चाकं तारांची नव्हेत, लाकडी नव्हेत, तर अॅल्युमिनियमची ओतीव! आठ चपटे, रुंद आरे, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. म्हणजे दोन वजनांचं एक झालं, आऱ्यांमधून वारा ब्रेकला लागायला लागला, आणि चाक काढलं की ड्रमही निघून ब्रेकचे शू उघडे पडायचे. झीज किती ते बघून घ्या. ज्यानं कधी गॅरेजमध्ये ‘ब्रेक उघडून बघावे लागतील साहेब’ हे वाक्य आणि त्यामागून येणारं बिल ऐकलं असेल, त्याला यातली थोरवी कळेल.

आता असं वाटेल की त्या दिवशी बुगातीनं शर्यत मारली. छे! शर्यत सुरू झाली आणि टायरांची सालं निघायला लागली. टायर खास या गाड्यांसाठी केलेले, पण रबर नीट पक्कं झालेलं नव्हतं. चाकं नवी, देखणी, हलकी, शाबूत. आणि त्यांच्यावरचं रबर केळ्यासारखं सोलून निघतंय. पाचांतल्या दोन गाड्या कशाबशा सातव्या आणि आठव्या आल्या. मुलगी पसंत, हुंडा नाही, पत्रिका जुळते, आणि ऐन लग्नात आचाऱ्यानं जिलबी करपवावी, तसं झालं. पाहुणे गावभर जिलबीचंच सांगणार. पण बुगाती डगमगला नाही. याच जातीच्या गाड्यांनी १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं सिसिलीतली तार्गा फ्लोरिओ शर्यत जिंकली. ऑडिटरच्या चष्म्यातून पाहिलं तर पहिल्या वर्षी तोटा, पुढे पाच वर्षं लाभांश. ही नोंद वहिनींच्या बाजूनं जात नव्हती, म्हणून मी ती वहीत बारीक अक्षरात केली.

बुगातीनंतरचं पात्र मला सगळ्यांत आवडलं, कारण ते सायकलवाल्यांपैकी. तुल्यो काम्पान्योलो, इटलीतल्या विचेंझाचा. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये क्रोचे दाउने नावाच्या घाटात शर्यत चालू होती, बर्फ पडत होतं. सायकलचं मागचं चाक काढायचं होतं आणि बोटं इतकी गारठली होती की फिरकीचे नट सुटेनात. मागचे पुढे गेले. त्यानं तिथेच ठरवलं म्हणतात, की मागच्या चाकात काहीतरी बदलायला हवं. एका खटक्यात चाक सुटेल असा दांडा त्यानं काढला. आजही कितीतरी सायकलींना तो असतो. आपल्यापैकी कुणाची बोटं गारठली असती तर आपण पालिकेला पत्र लिहिलं असतं. पुढे याच काम्पान्योलोच्या कारखान्यानं मॅग्नेशियमची मोटारचाकं ओतली. फेरारीला लागली, आणि १९६६ च्या लँबोर्गिनी मिउराला लागली.

मॅग्नेशियम म्हणजे हलकेपणाचा कळस. एक लिटरचं भांडं भरेल एवढं पोलाद सात किलो आठशेपन्नास ग्रॅम, तेवढंच अॅल्युमिनियम दोन किलो सातशे, आणि मॅग्नेशियम एक किलो सातशेचाळीस. अमेरिकेत टेड हॅलिब्रँडनं महायुद्धानंतर इंडियानापोलिसच्या गाड्यांना ते दिलं. इंग्लंडात लोटसच्या कॉलिन चॅपमननं आऱ्यांना फाटाच दिला आणि मॅग्नेशियमची एकच चकती, तळताना फुगून वाकडा झालेल्या पापडासारखी लाटालाटांची, बसवली. लाटांमुळेच तिला ताकद. चॅपमनला वजनाचा एवढा तिटकारा होता की त्याच्यासमोर मी खुर्चीतही बसलो नसतो. या मॅग्नेशियमवरून ‘मॅगव्हील’ हा शब्द जगभर पसरला. आमच्या गल्लीतल्या गॅरेजात ‘मॅकव्हील’ म्हणतात, आणि ज्याला म्हणतात त्यात मॅग्नेशियम औषधालाही नसतं.

पण मॅग्नेशियमचं एक आहे. शाळेत प्रयोगशाळेत सरांनी त्याची फीत पेटवली होती ती आठवते का? डोळे दिपवणारा पांढरा जाळ. ११ जून १९५५ ला ल माँच्या शर्यतीत मर्सिडीजची एक गाडी दुसरीला धडकून प्रेक्षकांत गेली. तिचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं. ते पेटलं आणि पाणी मारल्यावर आणखीच भडकलं. ऐंशीहून जास्त माणसं गेली. हे प्रेक्षक तुटक्या भागांनी आणि धडकेनंच मेले असतील, चाकांचा त्यात दोष नव्हता, हे सगळं खरं. पण ते वाचल्यावर मी वही मिटली आणि त्या रविवारी पुढे काही वाचलं नाही. मॅग्नेशियमची चाकं गंजतातही लवकर, आणि त्यांना बारीक चिरा पडतात. शर्यतवाले ती पुनःपुन्हा तपासतात आणि मुदत संपली की फेकतात. ती रोजच्या रस्त्यावरच्या माणसाची चीज नव्हे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो. किलोला तीस हजारांचं कोष्टक नेलं होतं. वहिनींनी ते पाहिलं, घडी केली आणि डब्याखाली ठेवलं.

“पैशाचं जाऊ द्या हो भाऊजी,” त्या म्हणाल्या. “त्याचे आहेत, उडवू देत. ते चाक मोडणार नाही ना, ते सांगा.”

मी गप्प. म्हणजे दोन रविवार मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर काढत होतो. दादाला जाऊन सहा वर्षं झाली. तिकडे रस्त्यांच्या कितीतरी भागांवर वेगाला मर्यादाच नाही हे मंदारनं त्यांना फुशारकीनं सांगून ठेवलेलं. आणि त्यात हा मुलगा आहे ती चांगली जाडजूड चाकं काढून हलकी बसवणार. “हलकं म्हणजे तकलादूच की,” वहिनी म्हणाल्या. “आपल्याकडे बादली हलकी लागली तर दुकानातच ठेवून येतो आपण.”

मी खोटं बोललो नाही. हलकी चाकं मोडलेली आहेत, हे सांगितलं. पण ती का मोडली आणि पुढे काय झालं हेही सांगायला हवं होतं, आणि इथे माझ्या मदतीला पोर्शच आली. १९६६ साली त्यांनी ‘९११ एस’ ही जास्त ताकदीची गाडी पुढच्या सालासाठी आणली, आणि तिला मायनर्त्सहागेन गावच्या ओटो फुक्स कारखान्याची चाकं लावली. पाच पाकळ्यांचं फूल असावं तशी. ती ओतीव नव्हती, घडीव होती.

“म्हणजे?”

“इडली आणि भाकरी,” मी म्हणालो. हा दृष्टान्त मला आयत्या वेळी सुचला आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. “ओतीव म्हणजे इडली. पातळ पीठ साच्यात घातलं, फुगलं, झालं. आकार हवा तो येतो, पण आत जाळी राहते. धातूतही बुडबुडे राहतात, म्हणून मग जाड ओतावं लागतं. घडीव म्हणजे भाकरी. गोळा घेतला, दाबला, मळला, थापला. जाळी राहत नाही, धातूचे धागे आकाराबरोबर वळतात. म्हणून भाकरी पातळ थापली तरी हातावर उचलता येते. मंदारची चाकं भाकरीची आहेत. हजारो टनांच्या दाबाखाली थापलेली.”

वहिनींनी विचार केला. “मळलं की चिवट होतं, ते खरं,” त्या म्हणाल्या. मग, “आणि कशाची म्हणालात?”

“अॅल्युमिनियमची.”

“जर्मनची?” आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मनचं पातेलं म्हणतात. “मग तिकडे काय, तिकडे सगळंच जर्मनचं.”

वातावरण जरा निवळलं, तसा मी पुढचा इतिहास झरझर सांगितला, कारण इथून पुढे तो हौशी माणसांचा आणि दुकानदारांचा आहे. साठच्या दशकात इंग्लंडात चिमुकल्या मिनी गाडीसाठी आठ आऱ्यांची मिनिलाइट चाकं निघाली आणि आपल्या गाडीची चाकं बदलणं हा साध्या माणसाचाही छंद झाला. मग भागीदारीतल्या कंपन्या. जर्मनीच्या काळ्या जंगलात, शिल्टाख गावी, १९७० मध्ये बाउमगार्टनर आणि ब्रांट यांनी काढलेली ‘बीबीएस’: दोन आडनावं आणि तिसरं गाव. इटलीत १९७१ मध्ये ओसेल्लादोरे आणि झेन यांची ‘ओझी’, सुरुवात पेट्रोलपंपावर. आपल्याकडे पंपावर हवा भरतात, तीही सांगितल्यावर. जपानात ‘रेज’ कंपनीनं १९९६ मध्ये टीई-३७ हे घडीव चाक काढलं. हा सदतीस म्हणजे त्याचं वजन: पंधरा इंची चाक ३.७ किलो. ज्याचं वजन कमी आहे तोच ते नावात मिरवू शकतो. आमच्या ब्रँचमध्ये ही पद्धत आली तर निम्मा स्टाफ निनावी राहील.

पुढे धातूही नको झाला. सित्रोएननं एसएम गाडीला १९७१ च्या सुमारास राळेत धागे बसवून केलेली चाकं दिली होती, आणि २०१५ मध्ये फोर्डनं मस्टँगच्या जीटी-३५०आर या गाडीला कार्बनच्या धाग्यांची. एक चाक आठेक किलोंचं, तेच अॅल्युमिनियमचं असतं तर पंधराच्या घरात. मात्र यातली एक गंमत सांगितलीच पाहिजे. चाकं बदलणाऱ्यांतले बरेचसे लोक वजन बघतच नाहीत. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मूळ चाकांपेक्षा दोन इंच मोठी, आरशासारखी चकाकणारी बसवून घेतली. मी आता जाणकार, म्हणून विचारलं, “किलो किती?” ते म्हणाले, “कशाचे?” त्यांची नवी चाकं जुन्यांपेक्षा जड निघण्याचाच संभव जास्त. तीन महिन्यांत एक खड्ड्यात चेपलं. इडलीच असणार.

“पण मंदारचं चाक भाकरीचं आहे हे कशावरून?” वहिनींनी विचारलं. ऑडिटरला शोभेल असा प्रश्न. दुकानदार सांगतो म्हणून का?

हे मी मंदारलाच विचारलं, आणि उत्तर वाचून जर्मन लोकांविषयीचा माझा आदर दुणावला. तिथे बाहेरचं चाक बसवायचं तर आधी त्या चाकाला मान्यतेचा दाखला लागतो, नंबर चाकावर कोरलेला लागतो, आणि कितीदा तरी गाडी तपासनिसापुढे उभी करून कागदपत्रांत नोंद करून घ्यावी लागते. म्हणजे चाकाचं केवायसी! दाखल्याआधी चाकाची चाचणी. वाकवत वाकवत फिरवतात, ड्रमवर दाबून हजारो फेरे पळवतात, आणि वरून वजन टाकून बघतात. वहिनींना मी हे सगळं वाचून दाखवलं. वजन टाकतात हे त्यांना विशेष आवडलं. “कितीचं टाकतात?” एवढं विचारून त्या कुकर लावायला उठल्या. मी त्याचा अर्थ मंजुरी असा घेतला.

चाकं आली तेव्हा मंदारनं व्हिडिओ कॉल केला. वहिनींकडे आम्ही सगळे जमलो होतो. त्यानं चाक मधल्या भोकात दोन बोटं घालून उचललं, गोठातली पाटली दाखवावी तसं फिरवून दाखवलं, आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, बोटाच्या पेरानं कडेवर टिचकी मारली. खण्ण. स्वच्छ, लांबलेला आवाज. त्यानं चाक थोडं फिरवलं, पुन्हा टिचकी. मग पुन्हा. सगळ्या बाजूंनी तोच सूर. आपण हे कुणाकडून उचललंय हे त्याला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. वाड्यातल्या सायकली संपल्या तेव्हा तो फार लहान होता. वहिनी फोन कानाला लावून ऐकत होत्या. व्हिडिओ कॉल कानाला लावायचा नसतो, हे त्यांना त्या वेळी कुणीही सांगितलं नाही.

“बसका नाहीये कुठे,” त्या शेवटी म्हणाल्या. मग आवाज नेहमीचा करून, “ऐक. जर्मनच्या भांड्याला आंबट चालत नाही. काळवंडतं. लक्षात ठेव.”

“आई, इथे आंबट नाही गं, मीठ. थंडीत बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं चाकं खराब होतात.”

“मग रे? तीन लाखांची मिठात घालणार?”

“छे! थंडीत टायरही वेगळे लागतात, कायदाच आहे. तेव्हा ही उतरवून जुनीच चढवायची.”

“म्हणजे जुनी टाकली नाहीस?”

“टाकीन कशाला?”

“म्हणजे सणाची वेगळी आणि रोजची वेगळी,” वहिनी म्हणाल्या. “असं आधीच सांगायचं ना मग! उगाच भाऊजींना कामाला लावलंस.”

मी कोष्टक परत मागितलं. ते डब्याखाली नव्हतं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वहिनींनी वाण्याची यादी लिहिली होती. दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाल्या, “आणि भाऊजी, ते तुमचं ब्याऐंशीचं बघा काहीतरी.”